बहिऱ्याला तीन फोन

तिला सगळे टपालबाई म्हणत. टपालखात्याशी तिचा संबंध एवढाच, की कानाची मशीनं विकणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीच्या काउंटरवर बसून तिनं एकोणीस वर्षं पोस्टकार्डं लिहिली.

आता बघा, बहिरा माणूस मशीन दुरुस्तीला टाकतो म्हणजे काय करतो? आपले कान काउंटरवर ठेवून घरी जातो. मशीन तयार झालं हे त्याला कळवायचं कसं? फोन करून उपयोग नाही. म्हणून ही कार्ड लिहायची. अक्षर चांगलं बोराएवढं टपोरं, कारण बहिऱ्यांतले निम्मे म्हातारे, आणि म्हाताऱ्यांचे डोळेही त्यांच्या कानांच्याच वाटेला लागलेले. 'तुमचं मशीन तयार आहे. पावती आणा. घाई नाही, पण रविवारी येऊ नका, आम्ही नसतो.' एवढ्यावर ती थांबली असती तर तिचं नाव टपालबाई पडलं नसतं. एका आजोबांना तिनं लिहिलं, 'मशीनमध्ये मुंगी निघाली. काढून ठेवता तिथे साखरेचा डबा असतो का?' आजोबा न्यायला आले ते हसतच. म्हणाले, "डबा नाही हो, बायको गोड आहे." बायको शेजारीच उभी. तिनं असं कोपर मारलं की आजोबांच्या हातातली पावती खाली पडली.

घरचं म्हणाल, तर नवरा मालट्रकच्या धंद्यात होता. गाडी घेऊन जायचा, यायचा. एकदा गेला तो दुसऱ्याच घरी मुक्कामाला राहिला, तो कायमचा. टपालबाईनं त्याच्या नावानं बोटं मोडली नाहीत की आसवं गाळली नाहीत. "जागा मोकळी झाली," म्हणाली, आणि त्याच्या खाटेवर शिवणयंत्र मांडलं. एक मुलगा वाढवला. तो फिरतीच्या नोकरीला लागला, लग्न करून बायको आईपाशी ठेवली आणि महिन्या-दीड महिन्यानं तोंड दाखवू लागला. सासू-सुना दोघीच घरात. त्यांचं जमायचं. सुनेचं तोंड चुरूचुरू चालायचं आणि सासूला घरात आवाज लागायचा.

मग कंपनीत टक्केसाहेब आले. त्यांचं खरं नाव पगाराच्या कागदावर असेल, बाकी कुणाच्या तोंडात नव्हतं. साहेब तसा वाईट माणूस नव्हता. वाईट माणूस लांबून ओळखता येतो, त्याच्यापासून चार हात दूर राहता येतं. हा माणूस फक्त टक्के बघायचा. कुणाच्या घरी कुणी वारलं तरी आधी हजेरीचे टक्के, मग दुःख.

साहेबांनी काउंटरमागे तीन टेबलं मांडली, तिन्हींवर कॉम्प्युटर आणि कानाला लावायचे हेडफोन. पडद्यावर प्रत्येक तक्रारीपुढे एक टिकली. आठवडाभर हिरवी, मग पिवळी, पंधरा दिवस उलटले की लाल. लाल टिकली थेट मुख्य कचेरीत दिसायची आणि तिथून साहेबांच्या फोनवर यायची.

"आणि माझी कार्डं?" टपालबाईनं विचारलं.

"कार्डाची नोंद कुठे होते?"

"माणसाच्या घरी होते की."

"कॉम्प्युटरमध्ये होते का?"

नाही म्हटल्यावर विषय संपला. मुख्य कचेरीचा नियम असा होता : काही विचारायचं, कळवायचं असेल तर ग्राहकाला तीन दिवसांत तीन फोन करायचे. उचलला नाही तर 'ग्राहकाकडून प्रतिसाद नाही' असं लिहून तक्रार बंद. मुख्य कचेरी पंखेही विकायची, मिक्सरही विकायची. नियम सगळ्यांना एकच. पंख्याचा मालक फोन उचलतो, त्यात कचेरीला काही चुकल्यासारखं वाटलं नाही.

टपालबाई पदराआड हसली. "साहेब, बहिऱ्याला फोन?"

"फॉर्मवर दोन रकाने आहेत ना बाई. पहिल्यात स्वतःचा नंबर, दुसऱ्यात नातेवाइकाचा. दुसऱ्यावर करा."

बरोबर होतं ते. तिनं वर्षभर तसंच केलं. दुसऱ्या रकान्यातली लेक, सून, जावई, शेजारी कुणीतरी उचलायचं, निरोप जायचा. कार्डाची मजा नव्हती, पण काम व्हायचं.

मग एका साली मशीनमध्ये बसवायचा एक सुटा भाग यायचा थांबला. तांदळाएवढा असतो, त्याच्यातूनच आवाज कानात जातो. सहा आठवडे आला नाही. दुरुस्ती करणारा कारागीर डोळ्याला भिंग लावून रिकाम्या टेबलाकडे बघत बसायचा. त्याला सगळे भिंगवाला म्हणत. पडदा लालेलाल झाला. साहेब एक दिवस तिघींच्या मागे येऊन उभे राहिले आणि हळू आवाजात म्हणाले, "महिनाअखेर असंच राहिलं तर हे काम दुसऱ्या शहरात हलणार. मग तुम्ही तिघी घरी, मीही घरी."

त्याच आठवड्यात टपालबाईनं एका म्हातारीला फोन लावताना चुकून पहिल्या रकान्यातला नंबर फिरवला. कोण उचलणार? म्हातारीचे कान इथेच, डबीत. दुसऱ्या दिवशी पडद्यानं तोच नंबर आपणहून पुढे केला, तिनं लक्ष न देता पुन्हा फिरवला. तिसऱ्या दिवशीही तेच. आणि टिकली लालची राखाडी झाली. तक्रार बंद. तिचं बोट तसंच राहिलं.

पहिल्यांदा चुकून झालं. दुसऱ्यांदा चुकून झालं नाही.

महिनाअखेरीला साहेबांनी तिला आत बोलावलं. "काय केलंत हो?"

"फोन केले."

"किती?"

"नियमाप्रमाणे. तीन-तीन."

साहेबांनी टेबलावरचं पेन उचलून खिशात घातलं, खिशातलं काढून टेबलावर ठेवलं. "पहिला रकाना?"

तिनं मान हलवली.

"हे तुम्ही मला सांगितलेलं नाही," साहेब म्हणाले, आणि सगळ्यांसाठी चहा मागवला.

बंद झालेल्या तक्रारींची मशीनं मागच्या लोखंडी कपाटात जाऊ लागली. सुटा भाग यथावकाश आला, पण बंद तक्रारीच्या मशीनला हात लावायची भिंगवाल्याला परवानगी नव्हती. ग्राहक स्वतः चौकशीला आला की त्याची नवी तक्रार लिहायची, नवी पावती, नवी हिरवी टिकली. साठलेल्या ढिगात मशीनची पाळी यायच्या आतच तिला पंधरा दिवस होत आले की पुन्हा तीन फोन.

आणि माणसं कशी असतात बघा. ओरडणारा शंभरात एखादा. बाकीचे म्हातारे-कोतारे काउंटरला येऊन उलट तिचीच माफी मागायचे. "फोन वाजला असेल हो बाई, मलाच ऐकू आला नाही." त्यांना वाटायचं, बहिरं असणं ही आपलीच चूक. टपालबाई तोंडातल्या तोंडात "असू दे, असू दे" म्हणायची आणि पावती फाडायची.

"टपालबाई," भिंगवाला जाता-येता म्हणायचा, "तुमच्या त्या कपाटात शंभर माणसांचे कान आहेत. आपण काय बोलतो ते सगळं ऐकतात, बरं का."

"ऐकू दे. त्यांना तोंड कुठेय?"

जीभ चांगली तिखट होती तिची. पण त्या दिवसापासून तिनं कपाटाकडे पाठ होईल अशी खुर्ची फिरवून घेतली.

तिसऱ्या टेबलावरची बाई लग्न होऊन गेली, तेव्हा टपालबाईनं सुनेसाठी शब्द टाकला. सून लागली. वर्षाच्या करारावर, काम बरं झालं तर कायम. ऑफिसात तिनं सासूला 'बाई' म्हणायचं असं ठरलं. सून म्हणाली, "सासूला आई न म्हणता पगार मिळतोय, एवढी चांगली नोकरी मी सोडते होय!" पोरगी हुशार, आवाज मधाळ. चार दिवसांत सगळं उचललं. पाचव्या दिवशी टपालबाईनं तिला पडद्यावरचे दोन रकाने दाखवले.

"पिवळी झाली की पहिला रकाना. दुसऱ्याकडे बघायचंसुद्धा नाही."

"पण बाई, पहिला नंबर तर त्या बहिऱ्याचाच ना?"

"हं."

सून पडद्याकडे बघत राहिली. मग हळूच विचारलं, "आई, हे बरोबर आहे का?" 'बाई' म्हणायचं तिच्या ध्यानात राहिलं नाही.

"बरोबर-चूक मला विचारू नकोस. फोन करतो ना आपण? खोटं काही लिहीत नाही. आणि दुसरं ऐक. कुणी काही विचारलं तर पडद्यावर असेल तेवढंच बोलायचं. एक अक्षर जास्त नाही. प्रत्येक फोन रेकॉर्ड होतो. जास्तीचं बोललीस की तू अडकलीस."

सुनेनं ते मनावर घेतलं.

करवतवाला आला तो शुक्रवारी सकाळी, काउंटर उघडताना. लाकडाच्या वखारीत मोठ्या उभ्या करवतीवर काम करणारा माणूस, पंचेचाळिशीचा, भुवयांत भुसा. त्यानं तीन पावत्या काउंटरवर पत्त्यांसारख्या टाकल्या.

"माझं मशीन!" तो ओरडला. बहिऱ्यांचं बोलणं असंच, आपला आवाज आपल्याला पोचेपर्यंत वाढवत नेतात. "दोन महिने झाले! आलो की नवी पावती देता! पावत्या काय कानात घालू?"

रांगेतली माणसं हसली. टपालबाईनं पडदा बघितला. तीनदा बंद झालेली तक्रार. पहिल्या खेपेचे तीन फोन तिचे, पुढच्या दोन्ही खेपांचे सुनेचे. तिनं कागद ओढला आणि लिहिलं, 'तुम्हाला तीन फोन केले होते.' कितीतरी वर्षांनी ग्राहकासाठी काही लिहीत होती, अक्षर आपोआप बोराएवढं झालं.

करवतवाल्यानं वाचलं. पुन्हा वाचलं. मग कागद रांगेकडे करून दाखवला. "बघा हो, बघा! बहिऱ्याला तीन फोन!"

या वेळी हशा मोठा झाला. मागच्या टेबलावर सुनेनं मान खाली घातली.

पण करवतवाला हसत नव्हता. तो काउंटरवर वाकला आणि आवाज, त्याला जमेल तेवढा, खाली आणला. "बायकोचा नंबर दिला होता ना मी? दुसरा? ती घरातच असते दिवसभर. तिला का नाही केला?"

टपालबाईच्या हातात पेन होतं. कागदावर जागाही होती. तिनं पेनाला टोपण लावलं.

मग त्यानं सांगितलं ते असं. करवतीवर कान लागतो. लाकडात जुना खिळा असला, की डोळ्यांना दिसायच्या आधी पातं किंचाळतं. ते ऐकू आलं की हात मागे घ्यायचा. त्यानं दोन्ही पंजे काउंटरवर पसरले. "दहाच्या दहा आहेत. बावीस वर्षं. वखारीत असा दुसरा दाखवा." मशीन नाही म्हणून मालकानं त्याला करवतीवरून काढून भुसा भरायला लावलं होतं. आधी आठ दिवस म्हणाला, मग पंधरा. आता दोन महिने झाले. मालकाला वाटत होतं, यानं मशीन हरवलं नाहीतर विकून खाल्लं आणि कंपनीचं नाव पुढे करतोय. कुठली कंपनी दोन महिने लावते? शनिवारपर्यंत कंपनीचं लिहून आण म्हणाला, नाहीतर सोमवारी करवतीवर दुसरा माणूस, आणि भुसा भरायला त्याच्याकडे आधीच दोघं आहेत.

टपालबाई उठली. लोखंडी कपाट उघडून तिसऱ्या कप्प्यातून त्याची डबी काढली आणि भिंगवाल्यापुढे ठेवली.

"बंद तक्रार आहे," भिंगवाला म्हणाला.

"उघड."

"साहेब..."

"मी म्हणते उघड!"

त्यानं भिंग लावलं. नळीत मळ घट्ट बसला होता, आतला तो तांदळाएवढा भाग बदलायचा होता. सगळं मिळून पाव तास लागला. दोन महिन्यांचं काम पाव तासात झालं आणि भिंगवाल्यानं हात पुसत पुसत कुणाकडेही न बघता मशीन परत दिलं.

करवतवाल्यानं ते कानात घातलं आणि दचकला. "आयला! एवढी बडबड करता होय तुम्ही इथे?"

तोही हसला तेव्हा. मग म्हणाला, "आता तेवढं लिहून द्या बाई."

ती साहेबांच्या खोलीत गेली. साहेबांनी ऐकून घेतलं. मशीन दिलं, बरं केलं. पण पत्र नाही.

"पत्र म्हणजे कबुली, टपालबाई. मशीन दोन महिने आपल्याकडे होतं असं लिहिलं, की तक्रार उघडी होती असं झालं. एक उघडली की चारशे उघडतील."

"त्याचं काम जाईल साहेब."

"त्याचं जाईल. चारशे उघडल्या तर कोणाकोणाचं जाईल, ते तुम्हीच मोजा." साहेबांनी काचेतून तिसऱ्या टेबलाकडे बघितलं. तिथे सून हेडफोन लावून कुणाला तरी गोड आवाजात समजावत होती. तिच्या कराराला वर्ष भरायला पाच आठवडे होते.

टपालबाई बाहेर आली. करवतवाल्याला तिनं जिन्यात थांबायला सांगितलं. जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता कंपनीचा छापील कागद घेतला आणि लिहिलं, 'यांचं कानाचं मशीन दोन महिने आमच्या ताब्यात होतं. वेळेवर निरोप दिला नाही ही चूक आमची. यात यांचा काही दोष नाही. मशीन आज दुरुस्त करून दिलं आहे.' खाली सही केली आणि काउंटरचा शिक्का मारला.

करवतवाल्यानं जिन्यात ते मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.

"हळू!" ती म्हणाली. "आता ऐकू येतंय ना तुम्हाला?"

"येतंय की. तोंडाला अजून माहीत नाही." त्यानं कागदाची घडी केली, पुन्हा उघडली, बघितली, पुन्हा घातली. "उपकार झाले बाई."

तो शब्द तिला जिन्यात एकटीला सोडून गेला. उपकार.

घरी गेल्यावर तिनं सुनेला काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही उरलंय असं तिला वाटलंच नाही. कागद आहे, सही आहे, शिक्का आहे. तिच्या सगळ्या आयुष्यात एवढ्यावर माणसं विश्वास ठेवत आली होती. त्याच कागदाच्या तळाला बारीक अक्षरात मदतीचा नंबर छापलेला आहे, आणि हल्लीचा माणूस सही वाचायच्या आधी तो नंबर फिरवतो, हे तिच्या डोक्यात आलं नाही. रोज तोच फोन उचलणाऱ्या बाईच्या डोक्यात आलं नाही. शनिवारी तिची सुट्टी होती. तिनं गोधडी धुतली.

बुधवारी अर्धा दिवस टाकून ती वखारीत गेली. का गेली, तिलाही धड सांगता आलं नसतं. करवत चालू बघावी असं वाटलं असेल. करवत चालू होती. तिच्यापुढे एक पोरसवदा, नवा माणूस ओंडका रेटत होता. चांगला धडधाकट, कान शाबूत.

मालक भुशाच्या ढिगाशेजारी उभा होता. तिनं विचारलं तसं त्यानं खिशातून तोच कागद काढला. फेकून दिला नव्हता.

"पत्र आणलं त्यानं. वाचून मलाही बरं वाटलं. बावीस वर्षांचा माणूस आहे, कुणाला काढायची हौस असते? म्हटलं, खात्री करू. खालच्या नंबरवर फोन केला. सगळं पत्र वाचून दाखवलं. तिकडून बाई म्हणाली, त्या तक्रारीत ग्राहकाकडून प्रतिसाद नाही, तक्रार बंद आहे, आणि आमच्याकडून असं पत्र दिलं जात नाही."

टपालबाईनं विचारलं, "कोण बाई?"

"नाव कोण विचारतंय? आवाज गोड होता."

"पत्र खरं आहे हो. मी लिहिलंय. माझी सही आहे ही."

मालकानं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. तो उर्मट नव्हता, थकलेला होता. "असेलही. पण बाई, तुम्ही कंपनी, की तो फोन कंपनी? मी कुणाचं धरू? उद्या करवतीवर काही झालं तर चौकशीला तुम्ही येणार का?" त्यानं कागद तिच्या हातात दिला. "खोटं पत्र आणलं म्हणून चारचौघांत बोललो त्याला. त्यानं कानातलं मशीन काढून खिशात घातलं आणि गेला."

घरी आली तेव्हा सून भाजी निवडत बसली होती. टपालबाईनं कागद परातीत टाकला, भाजीवर. सुनेनं बघितला आणि देठ मोडायचं थांबवलं नाही.

"त्यानं वाचून दाखवलं तेव्हा तुला कळलं होतं? कुणी लिहिलंय ते?"

"'चूक आमची' असं लिहिणारी बाई ऑफिसात दुसरी कोण आहे? तिथेच कळलं."

"तरी?"

"तरी म्हणजे?" सुनेचा आवाज चढला. गोड नव्हता आता. "हो म्हटलं असतं तर? कॉल रेकॉर्ड होतोय. साहेबांनी कधी देऊ दिलं नसतं असलं पत्र तुम्ही शिक्का मारून दिलं, असं मी माझ्या तोंडानं रेकॉर्डवर सांगायचं? तुम्ही गेला असता. तुमच्यामागे मी. मी तुम्हाला वाचवलं, आई."

"मला न विचारता?"

"तुम्ही मला सांगून लिहिलं होतं?"

टपालबाईनं परातीतलं एक देठ उचलून मोडलं. म्हणाली, "शनिवारीच सांगायचंस. मी धावत गेले असते."

"म्हणून नाही सांगितलं." सुनेनं कागद उचलला, त्याला लागलेलं पाणी पदरानं टिपलं आणि सासूपुढे ठेवला. "पडद्यावर असेल तेवढंच बोलायचं. कुणी शिकवलं मला?"

दुसऱ्या दिवशी टपालबाई साहेबांच्या दारात उभी राहिली. "साहेब, ते पत्र मी..."

साहेबांनी हात वर केला. "कुठलं पत्र? तक्रार बंद आहे बाई. बंद तक्रारीत पत्र कसं असेल?" त्यांनी तिला काढलं नाही, ओरडलेही नाहीत. शिक्षा करायची म्हणजे आधी गुन्हा लिहावा लागतो, आणि लिहिलेलं कचेरीत दिसतं. कोपऱ्यातली फाईल ओढून घेत ते म्हणाले, "सुनेला कायम करतोय. घरी गोड करा काहीतरी."

करवतवाल्याचा फोन आला तो पुढच्या आठवड्यात, भर दुपारी. टपालबाईच्याच हेडफोनमध्ये.

"ऐकू येतंय हो मला फोनवर," तो म्हणाला. अजून ओरडतच होता. "मशीन झकास आहे. एकच विचारायचं होतं. तुम्हीच त्या बाई ना? जिन्यातल्या?"

पडद्याच्या कोपऱ्यात रेकॉर्डिंगचा लाल ठिपका लुकलुकत होता. शेजारच्या टेबलावर सुनेनं हात थांबवला. करवतवाल्याचा आवाज हेडफोनबाहेरही येत होता.

"मीच," टपालबाई म्हणाली.

"ते पत्र खरं होतं की खोटं? बायको रोज विचारते. मी खरं म्हणतो. पण वखारीत चारचौघांत खोटं म्हणाले. मला नक्की सांगा, म्हणजे तिला सांगता येईल."

"खरं होतं." तिनं ठिपक्याकडे बघतच सांगितलं. "शब्द न् शब्द खरा. मी लिहिलंय."

मग तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच हळू, साध्या माणसासारखं म्हणाला, "मग मालकाला फोनवर खोटं कोण बोललं?"

सून तिच्याकडे बघत होती. मान हलवली नाही, हात जोडले नाहीत, नुसती बघत होती. तिच्या टेबलावर कायम झाल्याचा कागद अजून पाकिटातच होता.

"ते मला सांगता येणार नाही," टपालबाई म्हणाली.

"बरं," करवतवाला म्हणाला. त्यानं फोन ठेवला.

फोन कशाबद्दल होता ते पडद्यावर भरावं लागतं, तरच पुढचा घेता येतो. दुरुस्ती, नवी खरेदी, बॅटरी, इतर. तिनं 'इतर' भरलं. सुनेनं आपली पाण्याची बाटली तिच्याकडे सरकवली. टपालबाईनं ती घेतली आणि प्यायली. पुढचा फोन वाजत होता.